काचस्पंजांची नावनिशी : प्रस्तावना

समुद्राच्या पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून तिच्यापासून आपला सांगाडा घडवणारे, बहुतांशी दोनशे मीटरांपेक्षा खोल, थंड आणि अंधाऱ्या पाण्यात राहणारे आणि बाल्यावस्था संपल्यावर जन्मभर एकाच जागी रुतून राहणारे जे स्पंज आहेत, त्यांना प्राणिशास्त्र हेक्झॅक्टिनेलिडा या वर्गात ठेवते. त्यांचे रूढ नाव काचस्पंज. सिलिका म्हणजे वाळूचा आणि खिडकीच्या काचेचा मुख्य घटक, त्यामुळे हे नाव केवळ अलंकारिक नाही. स्पंजांच्या आजवर वर्णिलेल्या जाती नऊ हजारांहून अधिक असून त्यांपैकी काचस्पंजांच्या जाती सातशेच्या आसपासच आहेत. हा आकडा वाचून हा गट लहान आहे असे अनुमान काढणे घाईचे ठरेल, कारण तो मुख्यतः समुद्रतळाचा किती भाग माणसाने पाहिला आहे याचे माप आहे, आणि पाहिलेला भाग फारच थोडा आहे.

नव्या जातीचा शोध म्हटला की जहाज, खोल पाणी आणि यंत्राच्या दिव्यात अवचित दिसलेला विलक्षण प्राणी असे चित्र वाचकांपुढे उभे राहते, आणि वृत्तपत्रेही तेच रंगवतात. काचस्पंजांच्या बाबतीत हे चित्र अर्धवट आहे. समुद्रातून वर येतो तो केवळ नमुना असतो. तो नवा आहे की नाही हे ठरते ते अभ्यासकाच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वर्णनांशी व संग्रहालयांत जपलेल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर. आणि या दोन घटनांच्या मध्ये कित्येकदा अनेक वर्षे जातात. नवी जाती सापडते त्यापेक्षा ती ठरवली जाते असे म्हणणे अधिक योग्य होईल, आणि ठरवलेली गोष्ट पुढे फिरवताही येते. काचस्पंजांच्या वर्गीकरणाचा जवळजवळ दोन शतकांचा इतिहास अशा ठरवण्याचा आणि फिरवण्याचाच आहे.

या इतिहासाकडे वळण्यापूर्वी प्राण्याची ओळख आवश्यक आहे. स्पंजाच्या शरीराला आधार देणाऱ्या सूक्ष्म काट्यांना मराठीत कंटिका म्हणतात. काचस्पंजाच्या कंटिकेची मूळ रचना परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या तीन अक्षांची असते आणि म्हणून तिला सहा किरण असतात. वर्गाच्या शास्त्रीय नावातील ‘हेक्झ’ हा अंश याच सहा किरणांचा निर्देश करतो. प्रत्येक कंटिकेत सहाही किरण पूर्ण वाढलेले असतातच असे नाही. कधी एक किरण नाहीसा होतो, कधी चार, आणि मग उरते ती साधी सुईसारखी काडी. परंतु अशा काडीच्या मध्यावर, आतून जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिकेत, लोपलेल्या किरणांची खूण म्हणून एक लहानसा छेद बहुधा दिसतो, आणि त्यावरून ती काडी कोणत्या घराण्यातली हे ओळखता येते. या नलिकेतून जाणारा सेंद्रिय तंतू आडवा कापला असता चौकोनी दिसतो; सिलिकेच्याच कंटिका असलेल्या डेमोस्पंजांत तो त्रिकोणी वा षट्कोनी असतो. दोन वर्गांतील इतका मूलभूत भेद इतक्या लहान जागी दडलेला असावा, ही गोष्ट या विषयाचा स्वभावच सांगून जाते.

मांसल भागाची रचना याहून विलक्षण आहे. बहुतेक प्राण्यांचे शरीर स्वतंत्र पेशींचे बनलेले असते, तर काचस्पंजाच्या शरीराचा मोठा भाग असंख्य केंद्रके असलेल्या एकाच सलग जीवद्रव्याचा असतो. अशा रचनेला संकोशिका म्हणतात, आणि तिचे धागे सबंध सांगाड्यावर जाळ्याप्रमाणे पसरलेले असतात. पेशींमधील भिंतीच नसल्यामुळे विद्युत्संदेश या जाळ्यातून विनाअडथळा सरकू शकतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऱ्हॅब्डोकॅलिप्टस डॉसोनाय या जातीवर जॉर्ज मॅकी, सॅली लेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की स्पंजाला डिवचले किंवा पाण्यात गाळ मिसळला, तर सेकंदाला सुमारे पाव सेंटिमीटर या वेगाने संदेश शरीरभर पोहोचतो आणि पाणी आत ओढण्याची क्रिया बंद पडते. मज्जातंतू नावालाही नसलेल्या प्राण्यात हे घडते, आणि १९९७ साली या विद्युत्संदेशाची थेट नोंद मिळेपर्यंत याचा भक्कम पुरावा नव्हता. मात्र जाती ओळखण्याच्या कामी या मऊ भागाचा उपयोग अल्प आहे, कारण खोल पाण्यातून वर येईपर्यंत तो बहुधा धुऊन गेलेला असतो. वर्गीकरणाची सारी भिस्त सांगाड्यावर, म्हणजे कंटिकांवर आहे.

या वर्गाची शास्त्रीय ओळख एका मोठ्या गैरसमजातून झाली. जपानहून युरोपात पोहोचलेल्या कुतूहलाच्या वस्तूंत हातभर लांबीचा, चकचकीत काचतंतूंचा पिळलेला दोर असे. त्याच्या एका टोकाला मऊ, सच्छिद्र गोळा आणि दोरावर चिवट साल, जिच्यात छोटे प्रवाळजीव बसलेले असत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३५ मध्ये या वस्तूला हायालोनिमा सीबोल्डी हे नाव दिले आणि तिची गणना प्रवाळांच्या गोतात केली. काचदोर हा प्रवाळजीवांनी घडवलेला अक्ष, आणि स्पंज हा त्याच्याशी निगडित असलेला निराळा प्राणी, अशी त्यांची मांडणी होती. ती अगदीच निराधार नव्हती, कारण दोरावर बसलेले जीव खरोखरच प्रवाळांचे नातलग होते. बर्लिनचे एहरेनबेर्ग यांनी तर ही नैसर्गिक वस्तूच नसून जपानी कारागिरांची करामत आहे अशी शंका घेतली. १८६० मध्ये माक्स शुल्त्से यांनी दोर आणि गोळा हे एकाच स्पंजाचे भाग असून प्रवाळजीव हे नंतर येऊन राहिलेले बिऱ्हाडकरू आहेत असे रचनेच्या बारकाव्यांनिशी दाखवले, तरी ग्रे आपल्या मतावरून हटले नाहीत. वादाला खरी कलाटणी मिळाली ती पोर्तुगालमधून. सेतुबाल येथील मच्छीमार खोल पाण्यात लांब दोरांचे गळ टाकून मुशी पकडत असत आणि त्यांच्या गळांना अडकून असेच काचदोर वर येत. बार्बोझा दु बोकाझ यांनी १८६४ मध्ये त्यांचे वर्णन हायालोनिमा लुसिटॅनिकम या नावाने प्रसिद्ध केले. जपानी कारागीर पोर्तुगालच्या समुद्रतळाशी जाऊन दोर वळतात असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरली नाही. गोळा वर आणि दोर चिखलात रोवलेला, हीच या प्राण्याची खरी बैठक आहे हेही यथावकाश मान्य झाले. तोपर्यंत अनेक चित्रांत त्याला उलटे उभे केले गेले होते.

याच सुमारास खोल समुद्राविषयीची आणखी एक समजूत कोसळत होती. एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४० च्या दशकात असे अनुमान मांडले होते की तीनशे फॅदमांच्या, म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरांच्या, खाली सजीव नसावेत. विव्हिल थॉमसन आणि विल्यम कार्पेंटर यांनी १८६८ मध्ये ‘लाइटनिंग’ या जहाजातून स्कॉटलंडच्या उत्तरेस केलेल्या सफरीत या मर्यादेहून बऱ्याच अधिक खोलीतून जे प्राणी वर आले, त्यांत चिखलात काचतंतूंची दाढी रोवून राहणारा एक देखणा काचस्पंज होता, आणि थॉमसन यांनी त्याला कार्पेंटरांचे नाव दिले. पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा करून आणलेल्या काचस्पंजांचा संग्रह फ्रान्झ आयलहार्ड शुल्झे यांच्याकडे सोपवण्यात आला. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजही प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असावा लागतो. नवे वर्णन जुन्याची जागा घेते असे इतर विज्ञानशाखांत घडत असेल. वर्गीकरणशास्त्रात मात्र जुने वर्णन कायमचे कागदपत्र असते.

शुल्झे यांच्या कामाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. हिंदी सागराची मोजणी करण्यासाठी रॉयल इंडियन मरीनने वापरलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे लाकडी वाफेचे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले असून ते १८८१ मध्ये पाण्यात उतरले होते. किनाऱ्याची मोजणी हे त्याचे मुख्य काम असले, तरी जहाजावर नेमलेले शल्यचिकित्सक-निसर्गतज्ज्ञ सवड मिळेल तेव्हा खोल पाण्यात जाळे टाकत. त्यांपैकी आल्फ्रेड अल्कॉक पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. अंदमानच्या समुद्रातून आणि हिंदी सागराच्या अन्य भागांतून मिळालेले काचस्पंज कलकत्त्याहून बर्लिनला शुल्झे यांच्याकडे गेले, आणि त्यांच्यावरील सचित्र ग्रंथ १९०२ मध्ये इंडियन म्युझियमतर्फे प्रसिद्ध झाला. भारताच्या सभोवतालच्या समुद्रातील काचस्पंजांविषयी आज जे ज्ञान आहे त्याचा पाया अद्याप हाच ग्रंथ आहे. ही त्याची थोरवी आहे आणि नंतरच्या सव्वाशे वर्षांवरील टीकाही. जपानमध्ये याच काळात इसाओ इजिमा यांनी सागामी उपसागरातील काचस्पंजांचा असा काही बारकाईने अभ्यास केला की वर्णनाच्या नेमकेपणात ते शुल्झे यांच्याही पुढे गेले. मिसाकीच्या सागरी केंद्राजवळील कोळ्यांच्या लांब गळांवर नमुने अखंड वर येत, तर बोटीने ओढलेल्या जड जाळ्यात त्यांचा चुरा होई, आणि इजिमांच्या अचूकतेचे बरेचसे श्रेय या कोळ्यांना दिले पाहिजे. शुल्झे आणि इजिमा दोघेही १९२१ मध्ये निवर्तले, आणि त्यानंतर कित्येक दशके या विषयाला त्यांच्या तोलाचा अभ्यासक लाभला नाही.

वर्गीकरणाचा मुख्य वाद या काळातच आकाराला आला होता. १८७७ मध्ये जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ कार्ल त्सिटेल यांनी काचस्पंजांचे दोन भाग पाडले : ज्यांच्या मोठ्या कंटिका सुट्या असतात किंवा उशिरा आणि अनियमितपणे जोडल्या जातात ते एका बाजूला, आणि ज्यांच्या कंटिका वाढीबरोबर सिलिकेने सांधल्या जाऊन कडक जाळी बनते ते दुसऱ्या बाजूला. ही विभागणी सोयीची होती, नुसत्या डोळ्यांना दिसणारी होती आणि जीवाश्मांनाही लागू पडत होती, कारण मरणानंतर टिकते ती जाळीच. शुल्झे यांनी मात्र १८८६ पासून निराळ्या खुणेवर भर दिला. मोठ्या कंटिकांच्या बरोबरीने मांसल भागात विखुरलेल्या ज्या सूक्ष्मकंटिका असतात, त्यांचे दोन नमुने त्यांना दिसले. एका नमुन्यात मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना, समोरासमोर उघडलेल्या छत्र्यांसारखी, दातेरी मंडले असतात; त्याला ॲम्फिडिस्क म्हणतात. दुसऱ्यात सहा किरणांपैकी प्रत्येक किरण टोकाशी फुटून त्याच्या अनेक शाखा होतात. त्याला हेक्झास्टर म्हणतात. ज्या स्पंजात ॲम्फिडिस्क सापडतात त्यात हेक्झास्टर सापडत नाहीत, आणि उलटही तसेच. मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या या कणांना शरीराच्या आधारात फारसे स्थान नाही, आणि नेमके म्हणूनच शुल्झे यांची निवड धाडसाची होती : सांगाड्याची मोठी बांधणी परिस्थितीनुसार बदलू शकते, सूक्ष्मकंटिकेचा घाट मात्र वंशपरंपरेने टिकतो, असे त्यामागील गृहीतक होते.

या निकषावर आज वर्गाचे ॲम्फिडिस्कोफोरा आणि हेक्झास्टरोफोरा असे दोन उपवर्ग मानले जातात. पहिल्या उपवर्गातील हयात जाती एकाच गणात आणि तीनच कुलांत बसतात. काचदोराचा हायालोनिमा त्यांतला. दुसरा उपवर्ग विस्ताराने आणि गुंतागुंतीने कितीतरी मोठा असून त्यात व्हीनसची फुलपरडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या यूप्लेक्टेलापासून कॅनडाच्या किनाऱ्यावर भित्तिका रचणाऱ्या स्पंजांपर्यंत सर्व येतात. २००८ मध्ये मार्टिन डोरमान, डोर्टे यानुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय क्रमांच्या आधारे काचस्पंजांची वंशावळ प्रथमच विस्ताराने मांडली, तेव्हा हे दोन्ही उपवर्ग खरोखरच स्वतंत्र वंशशाखा असल्याचे दिसून आले. जनुकाची कल्पनाही नसलेल्या काळात, पितळी सूक्ष्मदर्शकातून केलेल्या निवडीला मिळालेला हा दुजोरा वर्गीकरणाच्या इतिहासात सहसा न मिळणारा आहे. इतर कित्येक प्राणिगटांत जनुकीय पुराव्याने जुन्या मांडणीचा पायाच उखडला. अर्थात काचस्पंजांतही सर्व काही जिथल्या तिथे राहिले नाही. यूरेटिडी हे कुल, ज्यात दुसरीकडे न बसणाऱ्या जाळीदार स्पंजांची भरती होत आली होती, एका पूर्वजाचे नसल्याचे आढळले, आणि त्याची फोड अजून चालू आहे.

प्रत्यक्ष वर्णनाची पद्धत समजल्याशिवाय या वादांचे वजन लक्षात येत नाही. नमुना हाती आल्यावर त्याच्या बाहेरील पृष्ठभागाचा, आतल्या पोकळीच्या अस्तराचा आणि मधल्या भागाचा असे तुकडे वेगवेगळे घेतले जातात, कारण प्रत्येक ठिकाणच्या कंटिका निराळ्या असतात आणि त्यांची सरमिसळ झाली तर वर्णनाला अर्थ राहत नाही. तुकडा नायट्रिक आम्लात तापवला की सेंद्रिय भाग जळून जातो आणि सिलिका अभंग राहते. मग पुनःपुन्हा धुऊन, गाळून, कंटिका काचपट्टीवर कॅनडा बाल्समच्या थरात बसवल्या जातात, आणि काही कंटिकांवर सोन्याचा अतिपातळ मुलामा देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेतली जातात. पुढचे काम मोजणीचे. प्रत्येक प्रकारच्या कंटिकेची लांबी, किरणाची जाडी, मंडलाचा व्यास, दात्यांची संख्या हे सारे शक्य तिथे पन्नास-पन्नास कंटिकांवर मोजून त्यांची सरासरी आणि कमाल-किमान मर्यादा नोंदवली जाते. एकट्या हायालोनिमात ॲम्फिडिस्कचे लहान, मध्यम आणि मोठे असे आकारगट पडतात आणि जाती वेगळी करण्याचा निर्णय कधीकधी त्यांतील एका गटाच्या दात्यांच्या ठेवणीवर अवलंबून राहतो.

यात फसवणुकीलाही पुरेसा वाव आहे. समुद्रतळावर मेलेल्या स्पंजांच्या कंटिका सर्वत्र विखुरलेल्या असतात आणि जिवंत स्पंजाच्या अंगात त्या रुतून बसतात; एकाच जाळ्यात अनेक स्पंज वर आले तर एकाच्या कंटिका दुसऱ्यात मिसळतात. काचपट्टीवर दिसणारी प्रत्येक कंटिका त्या प्राण्याचीच आहे असे धरून चालणाऱ्या अभ्यासकाने परक्या कंटिकांसह जातीचे वर्णन करावे, असे पूर्वी घडलेले आहे. उलट, जाळ्यात घुसळून आलेल्या नमुन्यातून सूक्ष्मकंटिका धुऊन जातात आणि उरलेल्या सुबक जाळीवरून कुलाचाही निश्चय होत नाही. म्हणूनच अनुभवी अभ्यासक क्वचित दिसलेल्या कंटिकेपेक्षा वारंवार आणि योग्य जागी दिसलेल्या कंटिकेवर विश्वास ठेवतो. हा विवेक कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नसतो, तो हजारो काचपट्ट्या पाहून येतो.

वर्णन पूर्ण झाल्यावर नामकरणाचे नियम लागू होतात. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते की नव्या जातीसाठी एक नमुना प्रमाण म्हणून निश्चित करावा. त्याला होलोटाइप म्हणतात. तो सामान्यतः संग्रहालयात कायमचा ठेवला जातो, म्हणजे पुढे कोणालाही तो तपासून मूळ लेखकाचे म्हणणे पारखता येते. नाव त्या नमुन्याला बांधलेले असते, वर्णनाच्या शब्दांना नव्हे. फॅरिया ऑक्का या जातीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सेशेल्स बेटांकडून आलेल्या, आर्थर फार यांच्या संग्रहातील एका यूप्लेक्टेलाच्या बुडाशी दुसऱ्याच कोणा स्पंजाच्या जाळीचे तुकडे चिकटलेले होते. तेवढ्यावरून स्पंजांचे अभ्यासक बोवरबँक यांनी १८६२ मध्ये ही जाती स्थापन केली. इतक्या तुटपुंज्या आधारावरील नाव पुढे जगभरच्या समुद्रांतून मिळालेल्या, जाळीचा साधारण घाट जुळणाऱ्या नमुन्यांना सर्रास दिले गेले आणि जाती सर्वत्र पसरलेली आहे असा ग्रह झाला. सूक्ष्मकंटिकांची काटेकोर तुलना सुरू झाल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती नांदत असल्याचे दिसू लागले. याच्या उलट दिशेचाही दाखला आहे. शुल्झे यांनी हिंदी सागरातून स्वतंत्र जाती म्हणून वर्णिलेली यूप्लेक्टेला रेगालिस पुढील अभ्यासकांना यूप्लेक्टेला ॲस्परजिलम या जुन्या जातीची उपजाती वाटली. समुद्रात काहीही बदललेले नसताना जातींची संख्या अशी वाढते किंवा घटते, ती निर्णय बदलल्यामुळे.

दूरनियंत्रित पाणयानांनी या शास्त्राला पूर्वी नसलेली एक गोष्ट दिली, ती म्हणजे प्राणी जिवंत असताना कसा उभा असतो याचे दर्शन. यंत्राच्या हाताने उचललेला नमुना अखंड वर येतो, तो लगेच तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवला तर त्यातील डीएनए टिकतो, आणि कोणत्या उतारावर, कोणत्या खडकावर, प्रवाहाकडे तोंड करून की पाठ करून तो वाढत होता याची चित्रफीत सोबत मिळते. अमेरिकेच्या ‘ओकेआनोस एक्सप्लोरर’ या जहाजाने २०१६ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरात मिळवलेल्या, लांब देठावर दोन मोठी छिद्रे असलेल्या स्पंजासाठी २०२० मध्ये ॲडव्हेना मॅग्निफिका ही नवी प्रजाती आणि जाती स्थापन करण्यात आली. त्याच्या चेहऱ्याचे चित्रपटातील परग्रहवासीयाशी साम्य असल्याने त्याला अवाजवी प्रसिद्धी मिळाली, पण प्रजातीचा निर्णय त्या चेहऱ्यावर नव्हे तर कंटिकांवरच झाला. हवाईच्या वायव्येकडील संरक्षित सागरात २०१५ मध्ये सुमारे २,१०० मीटर खोलीवर साडेतीन मीटर लांबीचा काचस्पंज दिसला. आजवर नोंदलेला तो सर्वांत मोठा स्पंज होय.

वयाच्या बाबतीतही हा गट मागे नाही. जर्मनीच्या ‘वाल्डिव्हिया’ मोहिमेने १८९८-९९ मध्ये हिंदी महासागरातून आणलेल्या मोनोऱ्हाफिस चुनाय या जातीत संपूर्ण शरीर एकाच, तीन मीटरपर्यंत लांब वाढणाऱ्या कंटिकेवर उभे असते. तिचे थर तपासून एका नमुन्याचे वय सुमारे अकरा हजार वर्षे असावे असा अंदाज २०१२ मध्ये वर्तवण्यात आला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताजवळ, हेकेट सामुद्रधुनीच्या तळाशी, जाळीदार काचस्पंजांच्या सुमारे नऊ हजार वर्षे वाढत आलेल्या भित्तिका भूगर्भशास्त्रज्ञांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस आढळल्या. त्यापूर्वी अशा भित्तिका फक्त जीवाश्मरूपात, विशेषतः युरोपातील जुरासिक काळच्या खडकांत माहीत होत्या. माशांसाठी तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांनी त्यांचा काही भाग तोवर चिरडलाही होता, आणि २०१७ मध्ये त्या सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाल्या.

नामकरणाची निकड आज सर्वाधिक जाणवते ती बहुधातवीय गोटे असलेल्या खोल मैदानांवर. मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे हे गोटे लाखो वर्षांत तयार होतात, आणि मऊ चिखलाच्या अफाट पसाऱ्यात पाय रोवण्यासाठी कठीण जागा म्हणून अनेक काचस्पंजांना त्यांचाच आसरा असतो. काही जाती चिखलातच काचदोर रोवतात. त्यांचे मेलेले देठसुद्धा इतर प्राण्यांचे वसतिस्थान होतात. हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान सुमारे साठ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या क्लॅरियन-क्लिपर्टन विभागातून २०१५ मध्ये जर्मनीच्या ‘सोने’ जहाजावरील पाणयानाने आणलेल्या काचस्पंजांत डॅनिएल केर्स्केन, यानुसेन आणि पेद्रो मार्टिनेझ आर्बिझू यांना अनेक नव्या जाती आढळल्या. या विभागातील सर्व बहुपेशीय प्राण्यांचा २०२३ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की तेथील अंदाजे ५,५७८ जातींपैकी सुमारे नव्वद टक्क्यांना अद्याप नाव नाही. खाणकामाचा परिणाम मोजायचा तर कोणती जाती कुठे आहे आणि अन्यत्र आहे की नाही हे आधी माहीत हवे, आणि ज्याला नाव नाही त्याची दोन ठिकाणची उपस्थिती ताडून पाहता येत नाही.

हा प्रश्न भारतापासून दूर नाही. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ या जहाजातून २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून पहिले गोटे वर काढले. १९८७ मध्ये भारताला अग्रणी गुंतवणूकदाराचा दर्जा मिळाला, आणि आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ मध्ये झालेल्या करारान्वये मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आज भारताकडे आहे. तळ ढवळल्याने काय होते हे पाहण्यासाठी याच खोऱ्यात १९९७ मध्ये प्रयोगही झाला. परंतु गाळातील जीवांचे वजन आणि संख्या मोजणे वेगळे आणि त्यांच्या जाती निश्चित करणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी जहाज आणि यंत्रे पुरत नाहीत. वीस-तीस वर्षे कंटिकाच पाहत राहतील अशी माणसे आणि त्यांना पोसणाऱ्या संस्था लागतात. पाणबुडी बांधण्यासाठी पैसा मिळतो आणि वर्गीकरणतज्ज्ञाच्या पदासाठी मिळत नाही, ही स्थिती जगभर आहे, पण जिथे करार करून क्षेत्र घेतलेले आहे तिथे ती अधिक खटकते.

शेवटी वाचकाला एक व्यावहारिक सूचना. पुढील पानांत येणाऱ्या शास्त्रीय नावांनी बिचकून जाण्याचे कारण नाही. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे निकटच्या जातींच्या समूहाचा, आणि दुसरा जातीचा. त्यानंतर वर्णन करणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष येते. हे आडनाव आणि वर्ष कंसात असेल तर तेवढ्यावरूनच समजावे की मूळ लेखकाने जातीला ज्या प्रजातीत ठेवले होते तीतून तिला नंतर हलवण्यात आले आहे. ‘लाइटनिंग’वरून मिळालेला आणि कार्पेंटरांचे नाव दिलेला स्पंज थॉमसन यांनी होल्टेनिया या प्रजातीत ठेवला होता, आज तो फेरोनिमा कार्पेंटेरी (थॉमसन, १८६९) असा लिहिला जातो.